चित्राखालचे नाव

ठाण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यास जेथे घोडबंदराचा फाटा फुटतो, तेथे माजिवडा नावाचे जुने गाव आहे. आता त्यास गाव म्हणावयाचे ते केवळ सवयीने. कारण उंच इमारतींच्या गर्दीत तेथील जुनी घरे शोधूनच काढावी लागतात. अशाच एका घरी, आमच्या एका वृद्ध स्नेह्यांकडे, गेल्या पावसाळ्यात आमचे जाणे झाले. माजघराच्या भिंतीवर काळ्या लाकडी चौकटीत एक जुने छापील चित्र लावलेले होते. भरजरी पोषाख केलेला, दागिन्यांनी मढलेला एक भारदस्त पुरुष त्यात होता, आणि खाली बोरूच्या वळणदार अक्षरांत लिहिले होते, 'श्रीमंत नानासाहेब पेशवे, ब्रह्मावर्त'. चौकटीवर ताज्या फुलांचा हार होता. स्नेह्यांचे घराणे मूळचे कर्जतकडचे. ज्या वेणगावात नानासाहेबांचा जन्म झाला त्या गावाशी त्यांच्या आजोळचा संबंध. आजोबांनी हे चित्र कोठूनसे मिळविले आणि खालचे नावही त्यांनीच लिहिले, असे त्यांनी आम्हांस अभिमानाने सांगितले. पुढे म्हणाले, "डोळ्यांतले तेज पाहा. पेशव्यांच्या रक्ताशिवाय असे तेज यावयाचे नाही."

आम्ही पाहिले, आणि मोठ्या संकटात पडलो. कारण ते चित्र आमच्या ओळखीचे होते. ते नानासाहेबांचे नाही, असे मानण्यास सबळ कारणे आहेत, हेही आम्हांस ठाऊक होते. त्या दिवशी आम्ही काय बोललो ते शेवटी सांगू. परंतु तेव्हापासून जो विचार मनात घोळत राहिला तो वाचकांपुढे मांडावा, म्हणून हा लेख. जुन्या चित्रातील माणूस कोण, हा प्रश्न वरकरणी संग्रहालयातील पंडितांचा वाटतो. वस्तुतः तो ज्या ज्या घरात पूर्वजांचे वा थोर पुरुषांचे चित्र भिंतीवर आहे, त्या त्या घराचा प्रश्न आहे.

प्रथम त्या चित्राची हकीकत. १८५७ साली कानपूरच्या बातम्या विलायतेस जाऊन पोहोचल्या, तेव्हा तेथील प्रत्येक वाचकाच्या तोंडी एकच नाव झाले, आणि त्या नावाच्या माणसाचा चेहरा पाहण्यास सारी लंडननगरी उतावीळ झाली. धोंडोपंत नानासाहेब हे दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र. दत्तविधान १८२७ सालचे. १८५१ च्या जानेवारीत बाजीराव वारले आणि कंपनी सरकारने आठ लाखांचे वर्षासन बंद केले. त्याची दाद मागण्यासाठी नानासाहेबांनी आपला वकील अजीमुल्लाखान यास विलायतेसही धाडले होते. परंतु स्वतः नानासाहेबांस तेथे कोणी पाहिलेले नव्हते. अशा वेळी 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' ह्या सचित्र साप्ताहिकाने त्यांचे म्हणून एक चित्र प्रसिद्ध केले, आणि तेच पुढे पुस्तकांतून पुन्हा पुन्हा उतरत राहिले.

हे चित्र आले कोठून? विल्यम फोर्ब्स-मिचेल नावाचा स्कॉटलंडचा एक सार्जंट ९३ व्या सदरलंड हायलंडर्स पलटणीतून त्या युद्धात लढला होता. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्याने ह्याचा उलगडा केला आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे ते चित्र उत्तर हिंदुस्थानातील अयोध्याप्रसाद नावाच्या एका सावकाराचे होते, आणि ते जॉन लँग ह्या वकिलाच्या जवळ होते. लँग हा मूळचा ऑस्ट्रेलियातील. मीरतेच्या बाजूस त्याने वकिली केली, वृत्तपत्र चालविले, आणि झाशीच्या राणीसाहेबांनीही आपल्या राज्याच्या कामी त्याचा सल्ला घेतला होता. लंडनच्या लोकांस नानासाहेबांचा चेहरा हवा होता, आणि लँगजवळ एका हिंदी गृहस्थाचे दरबारी थाटातील चित्र होते. तेवढ्यावर काम भागले. येथे विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, लँग बिठूरास नानासाहेबांच्या घरी पाहुणा म्हणून राहिलेला होता, आणि त्या भेटीचे वर्णन त्याने स्वतःच्या पुस्तकातही केले आहे. म्हणजे चित्रातील सावकार कोण आणि नानासाहेब कोण, हे दोन्ही जाणणारा तो माणूस होता. हा प्रमाद अजाणतेपणाचा म्हणता येत नाही.

आता वाचकांनी क्षणभर विचार करावा. त्या साप्ताहिकाच्या वाचकांस त्या चेहऱ्यात काय दिसले असेल? क्रौर्य, कपट, विश्वासघात. आमच्या स्नेह्यांस त्याच चेहऱ्यात काय दिसले? तेज, कुलीनता, स्वाभिमान. आणि तो चेहरा होता कोणाचा? हुंडीपत्रीचे व्यवहार सांभाळणाऱ्या एका सावकाराचा, ज्याने ना कानपूर लढविले, ना पेशवाईची स्वप्ने पाहिली! दोन्ही पक्षांनी डोळे पाहिले असे त्यांस वाटले. वस्तुतः दोघांनीही चित्राखालचे नावच वाचले, आणि मग त्या नावास शोभेल असा भाव चेहऱ्यावर चढविला. चेहऱ्यावरून आपण माणूस ओळखतो, असा आपला समज आहे. बहुतेक वेळा आपण नावावरून चेहरा ओळखतो, आणि चित्रातील सर्व फसवणुकीचे मूळ येथेच आहे.

ही केवळ करमणुकीची गोष्ट आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने पुढील प्रसंग आठवावा. नानासाहेबांस पकडून देणारास सरकारने एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. ते अखेरपर्यंत हाती लागले नाहीत. परंतु त्यांच्या नावाने माणसे मात्र वरचेवर धरली गेली. १८७४ साली ग्वाल्हेरीस शिंद्यांनी एका इसमास नानासाहेब समजून धरले व इंग्रजांच्या स्वाधीन केले. त्यास कानपुरास नेले, नानासाहेबांस पूर्वी पाहिलेल्या माणसांकडून त्याची ओळख करविली, आणि तो नानासाहेब नव्हे असे ठरले. सतरा वर्षांपूर्वी पाहिलेल्या चेहऱ्याच्या आठवणीवर त्या माणसाचे प्राण अवलंबून होते. अशा वेळी एखाद्या न्यायाधीशाने साक्षीपुराव्याऐवजी छापील चित्र समोर धरले असते, तर चित्रातील चेहऱ्याशी दुरून मिळताजुळता असा कोणताही निरपराध मनुष्य फासावर गेला असता. चित्राखाली नाव लिहिणे ही एक साक्ष आहे, आणि खोट्या साक्षीचे पातक तेथेही लागते.

मग खरी ओळख पटवावयाची तरी कशी? प्रथम चित्रातील वस्तूंकडे वळावे लागते, कारण चेहऱ्याहून वस्तू अधिक प्रामाणिक असतात. पागोट्याचा घाट, अंगरख्याची बेतणी, हत्यारांची तऱ्हा, ह्यांवरून काळ आणि प्रांत पुष्कळदा ठरतो. मोगल काळातील चित्रांत जाम्याचे बंद हिंदू पुरुष डावीकडे व मुसलमान पुरुष उजवीकडे बांधीत, ही खूण तर अभ्यासकांच्या नेहमीच्या उपयोगाची आहे. परंतु तेथेही सावध राहावे लागते. हातचे चित्र ठशावर कोरून छापले की डावे ते उजवे होते. दक्ष कारागीर ते आधीच उलटून घेतो, पण घाईत असलेला घेत नाही. अशा उलट्या छापावरून एखाद्याने धर्म ठरविला, तर तो मनुष्यासच उलटा करून ठेवील!

ही अडचण आपल्याच देशापुरती नाही. ज्या हायलंडर पलटणींतून वरील सार्जंट आला, त्यांच्या अधिकाऱ्यांची तैलचित्रे स्कॉटलंडातील घराघरांत आहेत, आणि त्यांतील कित्येकांची नावे नाहीशी झाली आहेत. आपल्या भूमीशी त्या पलटणींचा संबंध जुना. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर ७४ वी व ७८ वी ह्या दोन हायलंडर पलटणी उभ्या होत्या. अशा एखाद्या अधिकाऱ्याचे निनावी चित्र हाती आले, तर तेथील जाणकार काय करतात ते पाहण्यासारखे आहे. लाल डगल्याच्या गळपट्टीचा व बाह्यांच्या कडांचा रंग ते आधी पाहतात, कारण तो पलटणीगणिक निराळा. ७४ वीचा पांढरा, तर ७८ वीचा फिकट पिवळसर. मग गुंड्या पाहतात, कारण १७६७ पासून गुंड्यांवर पलटणीचा क्रमांक घालण्याची शिस्त पडली. मग कलाबतू पाहतात. ती रुपेरी असेल तर नियमित सैन्यातील अधिकाऱ्याचे ते चित्र बहुधा १८३० च्या अलीकडचे नसावे, कारण त्या साली नियमित सैन्यातील सर्वांस सोनेरी कलाबतू ठरविण्यात आली. चौकटदार लोकरी कापडाचा नमुनाही साक्ष देतो. अशा रीतीने पलटण ठरते, दशक ठरते, हुद्दाही पुष्कळदा ठरतो, आणि सैन्याच्या छापील यादीतून पाच-पंचवीस नावे हाती येतात.

परंतु यादीत नावे असतात, चेहरे नसतात. येथवर आलेला अभ्यासक ह्या ठिकाणी थांबला तर तो खरा पंडित. आणि त्या पाच-पंचवीसांतून सर्वांत नामांकित असेल त्याचे नाव चित्रास चिकटवून मोकळा झाला, तर तो केवळ व्यापारी. निनावी चित्रास थोर नावाची ओढ असते, ही गोष्ट सर्व देशांत सारखी. एडिंबरोच्या चित्रशाळेत जॉन मायकेल राइट ह्या चित्रकाराने १६८३ च्या सुमारास काढलेले एका हायलंडर सरदाराचे उभे चित्र आहे. शिकारीचा देशी वेष केलेला तो तरुण कोण, ह्याविषयी पूर्वी निरनिराळी नावे पुढे आली. त्यांत मोठ्या राजकारणी उमरावाचेही नाव होते. आज तेथे त्याची ओळख लॉर्ड मंगो मरे अशी दिली जाते. हा अथॉलच्या सरदाराचा एक मुलगा. १७०० साली दूर अमेरिकेतील डेरियनच्या वसाहतीच्या फसलेल्या उद्योगात तो मारला गेला. मोठे नाव गेले आणि लहान नाव आले. परंतु त्यामुळे चित्र उणे झाले असे आम्हांस वाटत नाही. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी एवढ्या डौलाने उभा राहिलेला तो मुलगा पुढे परमुलखात मेला, हे कळल्यावर ते चित्र अधिकच हृदयाला भिडते.

वस्तूंनी जेथवर नेले तेथून पुढे नेणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे अखंड परंपरा. चित्र कोणी काढले, कोणापुढे बसून काढले, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, नाव कोणी व केव्हा लिहिले, ह्या साखळीची एकही कडी निखळलेली असता कामा नये. ह्या बाबतीत ठाण्याच्या वाचकांस अगदी जवळचे उदाहरण देता येते, आणि तेही एका स्कॉटचेच. जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार १७९१ साली मुंबईस उतरला, आणि पुण्याचा इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट ह्याच्या आश्रयाने पेशव्यांच्या दरबारी पोहोचला. सवाई माधवराव व नाना फडणीस ह्यांचे त्याने काढलेले चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे, आणि आज आपल्या मनात नानांची जी कृश, लांबट, चिंताक्रांत मूर्ती आहे तिचा मोठा भाग ह्या चित्रकाराच्या कुंचल्याने दिलेला आहे. तिच्याविषयी आपण निःशंक का असतो? कारण चित्रकार त्या माणसांपुढे बसलेला होता, त्याने आपली रोजनिशी ठेविली होती, त्याचा आश्रयदाता त्या सर्वांस जातीने ओळखत होता, आणि चित्रे ओळखीच्या हातांतूनच पुढे गेली. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात वारले. पुढच्याच महिन्यात वेल्स ठाण्यास मरण पावला. चित्र आणि चित्रकार ह्यांतील साक्ष देणारे दोघेही असे महिन्याभराच्या अंतराने गेले, तरी साखळी तुटली नाही.

मात्र खऱ्या चेहऱ्यांचे चित्रही सर्वस्वी खरे असते असे नव्हे. मॅलेट पेशव्यांच्या दरबारात तहाची देवघेव करीत आहे, असे एक भव्य चित्र थॉमस डॅनियल ह्याने १८०५ साली पुरे केले. ते सध्या लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. त्यातील चेहरे वेल्सच्या रेखाटनांवरून घेतलेले. परंतु टिपूविरुद्धचा तो तह १७९० चा, आणि वेल्स हिंदुस्थानात आला १७९१ साली. डॅनियल तर त्या दरबारी नव्हताच. म्हणजे माणसे खरी, पण त्यांची ती बैठक कोणाही चित्रकाराने डोळ्यांनी पाहिलेली नव्हे. तेव्हा 'हा कोण?' ह्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तरी 'हे असेच घडले काय?' हा प्रश्न शिल्लकच राहतो, आणि टीकाकाराने दोन्ही उत्तरे एकमेकांत मिसळू नयेत.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो आम्ही क्षुल्लक मानीत नाही. लोक म्हणतात, "चित्र हे पूजेचे निमित्त. भाव खरा असला म्हणजे झाले. मूर्ती कोणाची हे विचारून काय साधणार?" ह्याचे उत्तर महाराष्ट्राने स्वतःच, आणि तेही आपल्या सर्वांत प्रिय पुरुषाच्या बाबतीत, दिलेले आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे म्हणून जे चित्र एके काळी आपल्याकडे सर्रास छापले जाई, ते महाराजांचे नसून इब्राहिमखान नावाच्या एका मुसलमान सरदाराचे आहे, असे इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे ह्यांनी दाखविले; आणि डच साधनांतून मिळालेले महाराजांचे चित्र त्यांनी १९३३ साली लोकांपुढे ठेविले. त्या वेळी ज्यांच्या भिंतीवर जुने चित्र होते त्यांची भक्ती खोटी होती काय? मुळीच नाही. परंतु बेंद्र्यांनी भक्ती जपण्यासाठी सत्य झाकले असते, तर महाराजांचा चेहरा आपणांस मिळालाच नसता. आज सरळ लांब नाक, निमुळती दाढी आणि बाजूने दिसणारी मुद्रा अशी जी महाराजांची मूर्ती लहान मुलालाही ओळखता येते, तिच्यामागे जुन्या चित्राविषयी शंका घेण्याचे धैर्य आहे. ज्याची भक्ती खरी, त्याला आपण कोणापुढे हात जोडतो हे जाणून घेण्याची इच्छाही खरी असली पाहिजे.

आणखी एक गोष्ट बहुधा विसरली जाते. चुकीच्या नावाने अन्याय होतो तो दोघांवर. ज्याचे नाव लिहिले त्याचा चेहरा हरपतो. आणि ज्याचा चेहरा आहे त्याचे नाव हरपते. इब्राहिमखानाचा चेहरा ज्या काळात घरोघर पोहोचला, त्या काळात त्याचे स्वतःचे नाव कोणी घेतले नाही. अयोध्याप्रसादाचे तर त्याहून वाईट झाले. त्याच्या चेहऱ्याचा एका देशाने द्वेष केला आणि दुसऱ्याने त्यास हार घातले. ह्या दोहोंपैकी काहीही त्याचे स्वतःचे नव्हते. एखाद्या मनुष्याने मोठ्या हौसेने आपले चित्र काढवून घ्यावे, आणि दीडशे वर्षे लोकांनी त्यात दुसऱ्याच कोणास पाहावे, ह्यासारखी विस्मृती दुसरी नाही.

आता माजिवड्याची गोष्ट पुरी करू. चहा झाल्यावर आम्ही धीर करून स्नेह्यांस सर्व हकीकत सांगितली. लँग, साप्ताहिक, तो हायलंडर सार्जंट, सारे काही. त्यांनी मध्ये एकदाही अडविले नाही. बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे आमच्या आजोबांनी खोटे लिहिले?" आम्ही म्हणालो, "खोटे नव्हे. त्यांना जे सांगण्यात आले ते त्यांनी विश्वासाने लिहिले. लबाडी झाली ती त्यांच्या आधी, आणि फार दूर." त्यावर ते हळूच म्हणाले, "मग आमचे श्रीमंत कोठे?" ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. वेणगावात जन्मलेला, ब्रह्मावर्तास वाढलेला आणि नेपाळच्या तराईत दिसेनासा झालेला तो पुरुष इतिहासात आहे. त्याचा चेहरा आपण ह्या चौकटीत शोधू नये, एवढेच आम्ही सांगू शकलो.

दिवाळीच्या सुमारास पुन्हा त्या घरी गेलो. चित्र जागच्या जागी होते. आजोबांचे अक्षर पुसलेले नव्हते. ते पुसावे असे आम्हीही म्हटले नसते, कारण तीही आता एक साक्षच आहे. परंतु त्याखाली नव्या शाईने एक ओळ लिहिलेली होती: 'हे चित्र नानासाहेबांचे म्हणून छापले गेले. ते अयोध्याप्रसाद सावकार ह्यांचे असावे.' त्यातील 'असावे' ह्या शब्दाकडे बोट दाखवून स्नेही म्हणाले, "पुरावा आहे तेवढेच लिहिले. बरोबर ना?" जुन्या चित्रांविषयी मोठमोठ्या ग्रंथांतून आम्ही पुष्कळ वाचले आहे, पण त्या एका क्रियापदाइतके प्रामाणिक थोडेच आढळले. हार मात्र त्या दिवशीही चौकटीवर होता. तो कोणासाठी, हे आम्ही विचारले नाही.